ग्वाल्हेरहून : अण्णांची वही आणि तडा गेलेली फ्रेम

2024 सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. मी स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे चाळत होते आणि आमचे चिरंजीव अंगणात सायकल धूत होते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर, कुणी न सांगता होणारं त्याचं हे एकमेव काम. थोड्या वेळानं फडकं हातात घेऊन तो आत आला आणि म्हणाला, "आई, फ्रेमवर एक केस चिकटलाय, निघतच नाही."

मी जाऊन पाहिलं. पायडलच्या जरा वर, खालचा जाड पाइप जिथं जोडलेला असतो तिथं, लाल रंगावर खरोखर केसासारखी काळी रेघ होती. नखानं खरवडायला गेले तर नख अडकलं. तो केस नव्हता. फ्रेमला तडा गेला होता.

दुसऱ्या कुठल्या वस्तूला तडा गेला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण ही सायकल माझ्या अण्णांनी घेतलेली. 2023 च्या मे महिन्यात आम्ही बेळगावला सुट्टीला गेलो होतो. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. हयात सायकलवर गेलेली. वडगाव, शहापूर, अनगोळ, सगळे रस्ते त्यांच्या पायांनी मोजलेले. नातू नववीत जाणार म्हणून पेन्शनमधले सोळा हजार रुपये मोजून त्यांनी त्याला गिअरची सायकल घेऊन दिली. आम्ही नको नको म्हणत होतो. ग्वाल्हेरला का सायकली मिळत नाहीत? पण त्यांचं एकच म्हणणं, "आजोळची वस्तू आजोळाहूनच जायला पाहिजे." मग ती सायकल गोवा एक्स्प्रेसनं पार्सल करून आमच्याबरोबर आली. वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, बेळगावहून ग्वाल्हेरला ही गाडी थेट येते. संध्याकाळी बसलं की दोन रात्री नि मधला अख्खा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ग्वाल्हेर. माझं माहेर आणि सासर याच रुळांनी जोडलेलं आहे.

2024 च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. त्यामुळे त्या रेघेवर नख अडकलं तेव्हा मला काय वाटलं ते वेगळं सांगायला नको.

आमच्या ह्यांचा स्वभाव झटपट. ते म्हणाले, "त्यात काय, बाड्याजवळ वेल्डिंगवाला बसतो, दहा मिनिटांत टाका मारून होऊन जाईल." (आमच्याकडची मराठी अशीच आहे. चार पिढ्या लष्करात काढल्यावर हिंदी मिसळणारच. मी "पोरगं येऊलालाय" म्हणाले की सासूबाई हसतात आणि त्यांनी "मी बाजारातून होऊन आले" म्हटलं की मी हसते. हिशेब बरोबर होतो.) पण टाका मारण्याआधी आपल्या नेहमीच्या मिस्त्रींना दाखवावं, असं मी म्हटलं.

हे मिस्त्री हजिऱ्याकडचे. त्यांच्या वडिलांचं दुकान जे. सी. मिलच्या वाटेवर होतं. बिर्लांची ही कापडगिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. त्याआधी पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, असं ते सांगतात. त्यांनी सायकल उलटी करून चाकं काढली, बॅटरीचा उजेड टाकला आणि फ्रेम दोन्ही हातांनी दाबून तडा किंचित उघडून पाहिला. मग म्हणाले, "बहनजी, इसको वेल्डिंग मत कराना. रंग भी मत खुरचना."

का नाही, हे त्यांनी मला जसं समजावलं तसंच लिहिते, कारण हे प्रत्येक घरात उपयोगी पडेल. जुन्या काळ्या सायकलींची फ्रेम पोलादी असे. तिचा सांधा सुटला तर पितळ वितळवून तो पुन्हा पक्का जोडता येई. लोहारकाम जाणणारा कुणीही ते करू शके. आताच्या गिअरच्या सायकलींच्या फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. नुसतं ॲल्युमिनियम मऊ, म्हणून त्यात थोडं मॅग्नेशियम, थोडं सिलिकॉन मिसळतात. फ्रेम जोडून झाली की ती सगळीच्या सगळी भट्टीत घालून पाचशेच्या वर अंशांपर्यंत तापवतात, एकदम थंड करतात आणि पुन्हा मंद आचेवर काही तास ठेवतात. लोखंडाला पाणी देतात तसंच हे. या तापवण्यानंच तिच्यात ताकद येते. रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं ज्योत लावली की त्या जागेची ती ताकद निघून जाते. टाका दिसायला छान दिसतो, पण त्याच्या शेजारचा पाइप मऊ पडलेला असतो. तो कधी तुटेल सांगता येत नाही. आणि तुटतो तो बहुधा उतारावर किंवा खड्ड्यात, जिथं जोर जास्त येतो.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती अशी. तड्याचा बराचसा भाग आतून काळपट, मळलेला होता आणि टोकाकडचा भाग चकचकीत. म्हणजे तडा एका धक्क्यात गेलेला नव्हता, कित्येक महिने हळूहळू वाढत आला होता. आणि जिथून त्याची सुरुवात झाली होती तिथं जोडाच्या धारेवर सुईच्या टोकाएवढं एक छिद्र होतं. जोडताना आत हवा अडकली की असं छिद्र राहतं. "ये कंपनी का दोष है," मिस्त्री म्हणाले, "बच्चे का नहीं. वारंटी मांगो."

वॉरंटीचं कार्ड आमच्याकडे होतं. फ्रेमला पाच वर्षं, असं त्यावर ठळक छापलेलं. मला वाटलं, आठ दिवसांत काम होईल. कंपनीचं नाव मी इथं देत नाही. कुणाला बदनाम करायचं नाही आणि अनुभव कमीजास्त सगळीकडचा सारखाच असतो.

ग्वाल्हेरच्या अधिकृत विक्रेत्याकडे गेलो. त्यानं पहिली हरकत घेतली, सायकल इथली नाही, जिथं घेतली तिथं न्या. तिकडं म्हणजे बेळगावला! दुसरी हरकत बिलाबद्दल. बिलावरचे आकडे आणि मालाचं नाव इंग्रजीत होतं, पण दुकानाचं नाव, पत्ता आणि शिक्का कन्नडमध्ये. ते पाहून तो म्हणाला, "ये जलेबी जैसा क्या लिखा है?" मला राग आला. आपण सीमाभागातली माणसं घरात मराठी बोलतो, भाषेवरून आपल्याकडे वाद झाले, मोर्चे निघाले, हे सगळं खरं. पण शाळेत जिच्यात पाढे म्हटले, शेजारच्या अक्कांनी जिच्यात हाका मारल्या, त्या लिपीला परक्या गावात कुणी जिलबी म्हटलं की कसंसंच होतं. मी तो शिक्का त्याला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला आणि हिंदीत अर्थ सांगितला. तो जरा वरमला.

तिसरी हरकत मात्र माझ्या पायाखालची जमीन काढणारी होती. बिल अण्णांच्या नावावर होतं. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं होतं की वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच. "उनको बुला लीजिए, या उनसे लिखवा लीजिए," विक्रेता म्हणाला. ते गेले, असं मी सांगितलं. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि कार्ड परत केलं. म्हणजे माणूस गेला की त्यानं दिलेल्या वस्तूची हमीही गेली? घरी येताना मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

रात्री बेळगावला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, अण्णांची वही बघतो."

अण्णांच्या या वहीची घरात आम्ही फार थट्टा केलेली. लांबट, लाल कापडी पाठीची हिशेबाची वही. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला त्यात एक पान. शिलाई मशीन, रेडिओ, मिक्सर, कुकर. तारीख, किंमत, दुकान, नंबर. पहिल्याच पानावर त्यांच्या स्वतःच्या काळ्या सायकलीचा फ्रेम नंबर आणि नगरपालिकेच्या बिल्ल्याचा नंबर. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी सायकलीवर कर असे. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस अडवत. सायकल चोरीला गेली तर फ्रेम नंबरावाचून कुणी तक्रार ऐकत नसे. त्यामुळे नंबर लिहून ठेवायची त्या पिढीला सवयच लागली होती.

दादानं वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, दुकान, सोळा हजार, फ्रेम नंबर. त्याखाली अण्णांच्या टपाली, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, "चि. नातवासाठी घेतली. त्यानेच वापरायची." मी सायकल उलटी करून पायडलच्या धुरीखाली कोरलेला नंबर ताडून पाहिला. एकही आकडा चुकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या दुकानदारांना फोन केला. अण्णा त्यांच्याशी तीस वर्षं मराठीत बोलत आणि ते अण्णांना तीस वर्षं कन्नडमध्ये उत्तर देत. दोघांनाही दोन्ही येत होत्या, पण सवय कुणी मोडली नाही. मी नाव सांगताच ते म्हणाले, "एन आत्री अक्कार?" सगळं ऐकून घेतल्यावर, "चिंती माडब्याड्री." दोन दिवसांत त्यांनी दुकानाच्या कागदावर इंग्रजीत पत्र लिहून, सही-शिक्का करून पाठवलं. सायकल अमक्या तारखेला विकली, फ्रेम नंबर अमका, खरेदीदारानं ती नातवासाठी घेत असल्याचं सांगितलं होतं. मूळ पत्र टपालानं आलं. अण्णांना ते आवडलं असतं.

आता कायद्याचं थोडं. माझ्या नणंदेचे यजमान वकील आहेत. त्यांनी सांगितलं ते मी नंतर स्वतःही वाचून पाहिलं. जुना ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, ग्राहक म्हणजे केवळ पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणाराही ग्राहकच. अण्णांच्या वहीतली ती एक ओळ म्हणजे संमतीच होती.

दुसरी, ग्राहक मरण पावला तर त्याचे वारस तक्रार करू शकतात.

तिसरी गोष्ट सीमाभागातल्या घरांसाठी फारच महत्त्वाची. पूर्वी तक्रार करायची तर जिथं विक्रेता किंवा कंपनी आहे, किंवा जिथं व्यवहार घडला, त्या जिल्ह्यात जावं लागे. आता आपण जिथं राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. आपल्याकडे निपाणीतला माणूस कोल्हापुरात फ्रीज घेतो आणि चंदगडचा बेळगावात मिक्सर घेतो. वस्तू बिघडली की "ते दुसऱ्या राज्यातलं, तिकडं जा" हे ऐकून गप्प बसतो. आता गप्प बसायचं कारण नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती विसरू नये.

आयोगाकडे जाण्याआधी त्यांनी मला 1915 या क्रमांकावर फोन करायला सांगितलं. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती न्यायालय नाही, निकाल देत नाही. पण तक्रार नोंदवून ती कंपनीकडे पाठवते आणि पाठपुराव्यासाठी एक नंबर देते. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात. मी बिल, कार्ड, दुकानदारांचं पत्र, वहीच्या पानाचा फोटो, अण्णांच्या मृत्यूचा दाखला आणि तड्याचे चार फोटो असं सगळं जोडून कंपनीला पत्र लिहिलं आणि हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. दहाव्या दिवशी कंपनीचा एक छापील नमुना आला. भरून पाठवा, मग तपासणी करू.

या नमुन्यात एक प्रश्न होता. सायकलवर दोन माणसं बसली होती का?

चिरंजीवांना विचारलं. मान खाली. मग हळूहळू बाहेर आलं. पावसाळ्यात एका रविवारी मित्राला दांडीवर बसवून ते किल्ल्यावरून उरवाई दरवाज्याच्या उतारानं खाली आले होते. ज्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला आहे त्यांना तो उतार आठवेल. दोन्ही बाजूंच्या कड्यात तीर्थंकरांच्या भल्या मोठ्या मूर्ती कोरलेल्या आणि मधून वळणावळणाचा रस्ता. माझ्या काळजाचा ठोका चुकला. तडा त्या वेळीही असणारच. तिथं पाइप तुटला असता तर?

आधी त्याला बोलले. मग नमुना घेऊन बसले, आणि खरं सांगते, पेन थांबलं. "नाही" लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? हे म्हणालेसुद्धा, "एकदाच तर बसवला. कशाला लिहितेस?" इतकं धावून, इतके कागद गोळा करून, आपल्याच हातानं कंपनीला पळवाट द्यायची? मुलगा माझ्याकडे बघत होता. मला वाटतं त्याचं ते बघणं नसतं तर मी कदाचित "नाही" लिहिलं असतं. मी लिहिलं, "होय, एकदा." आणि त्याखाली मिस्त्रींनी दाखवलेलं सगळं लिहिलं. तडा जुना आहे, आतून काळा पडला आहे, जोडात छिद्र आहे, कृपया तपासून पाहावं.

पंधरा दिवस काही उत्तर नाही. त्या पंधरा दिवसांत घरात त्या "होय"बद्दल कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. मग एक दिवस कंपनीचा माणूस विक्रेत्याकडे आला. त्यानं भिंगातून जोड पाहिला, फोटो काढले. नमुन्यावरच्या उत्तराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये आपने खुद लिखा?" मी हो म्हटलं. तो नुसता हसला. जोडात दोष आहे, असा शेरा त्यानं दिला. माझ्या खरं लिहिण्यानं त्याचं मत बदललं की नुसत्या त्या छिद्रानं, ते मला माहीत नाही. छिद्रानंच असावं.

2025 च्या जानेवारीत नवी फ्रेम आली. फक्त फ्रेम. जुन्या सायकलीचे गिअर, चाकं, ब्रेक तिच्यावर चढवण्याची मजुरी आम्हीच दिली. वॉरंटीत बहुधा मजुरी नसते, टायर-ट्यूब-ब्रेक नसतात, हेही लक्षात ठेवावं. रंग लाल नव्हता, निळा होता. लाल रंगाची फ्रेम आता निघत नाही म्हणे. आणि जुनी फ्रेम परत द्यावी लागली, तसा नियम आहे. नियमामागचं कारण पटतं. तडा गेलेली फ्रेम रंगवून कुणी पुन्हा विकली तर दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळ. पण विक्रेत्यानं ती भंगारासारखी कोपऱ्यात उभी केली तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, पण ती आजोबांनी दिलेली होती." माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

परत येताना मिस्त्रींकडे पेढे द्यायला थांबलो. ते म्हणाले, तुम्हाला निदान मागायला कंपनी तरी होती. ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरला ॲटलसचा सायकल कारखाना होता, तो 2014 साली बंद झाला. पुढं सोनीपतचा 2018 ला आणि साहिबाबादचा 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनालाच. (आमची सायकल त्या कंपनीची नव्हे, हे आधीच सांगते.) कारखाना बंद झाला की त्यात राबणाऱ्यांचं पोट कुणाच्या वॉरंटीत बसतं, असं ते म्हणाले. त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आता आमच्या घरात एक नवी वही आली आहे. लाल कापडी पाठीची मिळाली नाही, साधीच आहे. पहिलं पान चिरंजीवांनी लिहिलं. निळी फ्रेम, नंबर, तारीख, दुकान. अक्षर काही अण्णांसारखं नाही. "वापरणार" पुढं त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि जरा थांबून कंसात लिहिलं, "एकटाच."

तुमच्याही घरी सायकल असेल तर येत्या रविवारी ती स्वच्छ पुसा. हँडलखालचा जोड, पायडलजवळचा जोड, सीटच्या पाइपाचं वरचं टोक आणि मागच्या चाकाच्या धुरीजवळचे सांधे उजेडात पाहा. रेघ दिसली तर नख लावून बघा. आणि फ्रेम नंबर कुठंतरी लिहून ठेवा.

बाकी क्षेम. ग्वाल्हेरला थंडी ओसरलीय. सासूबाई म्हणतात, मेमध्ये बेळगावला जाताना त्या दुकानदारांसाठी इथली गजक न्यायला विसरू नकोस. नाही विसरणार.